उलटी बाजू

रस्ता तीनदा उंच झाला,
घर होतं तिथंच राहिलं.
एकाहत्तर सालचं, विणकर सोसायटीतलं.
पुढं दोन खोल्या, मागं मोरी, मोरीमागं
दहा बाय सतरा काळी माती.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
परसात मात्र हस्ताचं पाणी नऊ दिवस उभं,
डासांना पुरेल,
हंड्याला चालणार नाही असं.

त्याच चिखलात अम्मा घसरली.
खुब्यात आता स्टीलचा गोळा आहे.
ती एवढंच म्हणाली: मला धुणं वाळत घालायचंय,
पोहायचं नाही.

म्हणून मी रेवणसिद्ध म्हेत्रेला बोलावलं.
तो होटगी रोडच्या बंगल्यांना हिरवळ लावतो,
मंगल कार्यालयांना, एका दातांच्या दवाखान्याला.
त्यानं परसात टाच दाबली,
टाचेच्या खड्ड्यात पाणी भरताना बघितलं,
म्हणाला, ताई, खोटं नाही सांगत,
गवत काही करत नाही.
गवत म्हंजे झाकण. काम सगळं खाली असतंय.

मग खाली तीन दिवस.
माती फूटभर उपसली,
तीच, उन्हात भेगाळणारी, पावसात फुगणारी.
मुरूम. धुम्मस. खडी,
आधी अंड्याएवढी, वर हरभऱ्याएवढी.
भोकांची नळी पांढऱ्या कापडात गुंडाळून
कोपऱ्यातल्या शोषखड्ड्याकडं.
उतार, सतरा फुटांत अडीच इंच.
लेव्हलच्या नळीतलं पाणी दोन्हीकडं एका रेषेत,
जमीन तेवढी खाली गेलेली.

नान्ना पायरीवरून बघत होते.
चौतीस वर्षं जॉबर,
चोवीस मागांचे कान पिळलेले.
अजून टीव्हीचा आवाज शेडच्या हिशोबानं ठेवतात.
हिरवी गुंडाळी आली तसे उठले,
शर्टाच्या खिशातून भिंग काढलं
आणि कोपरा उलटला.
सरळ बाजूकडं बघितलंच नाही.
नखानं इंच धरला, टाके मोजले.
"टॉवेलच आहे हा. पाईल उंच, लूप कापलेला, पाठीला डिंक.
पण डिंकाला भोकं पडलीत.
सेकंड माल गळ्यात मारला तुझ्या."
भोकातनंच तर पाणी जातंय, काका.

नान्ना बराच वेळ गप्प.
जन्मभर त्यांनी पाणी पिणारं कापड काढलं,
थेंब टाकून, घड्याळ लावून तपासलेलं,
किती सेकंदांत पितं.
आणि हे, पाणी सोडून देणारं.
तेही कापडाचं काम असतं
हे कुठल्याच ऑर्डरीत लिहून आलं नव्हतं.

शेजारच्या हुमनाबादकरांची शेळी आली,
हुंगली, एक पातं ओढलं,
मीठ विसरलेल्या आचाऱ्याकडं बघावं
तसं आमच्याकडं बघून गेली.

चित्रांत एका रात्री पाऊस लागला.
मी उठले तर मागचं दार उघडं.
नान्ना बॅटरी घेऊन पायरीवर,
मागं वॉकर धरून अम्मा.
दिसण्यासारखं काही नव्हतं.
शोषखड्ड्यात पाणी उतरत होतं, तेवढा आवाज,
तिसऱ्या पाळीला एकच माग चालू राहावा तसा.
"धागा तुटत नाही बघ," नान्ना म्हणाले.
कुणाला, ते कळलं नाही.

एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेला
आणि हिरवळीचा तवा झाला.
चप्पल घालूनही अम्मा पाय ठेवीना.
रेवणला फोन लावला. पाणी मारा, म्हणाला.
पाणी. पाचव्या दिवशीचं.

नान्नांनी ट्रंकेतून चादर काढली,
शेड टॉवेलवर जायच्या आधीची,
कडेला एक पिक चुकली म्हणून घरी राहिलेली.
दारापासून दोरीपर्यंत अंथरली,
सुरकुत्या पायानं सारख्या केल्या.
अम्मा तिच्यावरून सावकाश गेली,
चार कपडे घातले, चिमटे लावले,
येताना मध्येच थांबली, खाली बघितलं.

जॉबर म्हणे,
उलटी टाकलीय तुम्ही.